पिल्लाच्या खाजेवर कापूर लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी कुत्र्यामांजरांच्या खाजेवर घरगुती उपाय छापून आले होते. खोबरेल तेलात कापराची वडी चुरून लावा, हा त्यातला पहिला. त्या मजकुराचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवत दोघं-तिघं माझ्या दुकानात आले, म्हणून हे पत्र. कापूर कुत्र्याच्या पोटात गेला तर उलट्या होतात, तोल जातो, झटकेसुद्धा येतात. कातडीतूनही तो अंगात शिरतो. आणि अंगाला लावलेलं काहीही कुत्रं चाटणारच. पिल्लू जितकं लहान तितका थोड्या कापरानेही घात होतो. चतुर्थी तोंडावर आली आहे, घरोघरी कापराच्या डब्या येतील. त्याआधी एवढी दुरुस्ती ठळक अक्षरांत छापावी ही पहिली विनंती.

माझं शिरोड्याला औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नव्हे, माणसांची नाही आणि जनावरांचीही नाही. फार्मसी शिकले आणि लोकांच्या खाजा-खरजा ऐकता ऐकता केस पिकले. पावसाळा लागला की काउंटरवर ठरलेलं वाक्य येतं, "वैनी, कुत्र्याक खाज सुटली हा, ती टूब व्हयी." ती टूब म्हणजे माणसं गजकर्णावर लावतात ती, स्टिरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली. 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीचशी स्टिरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मागणारे मागतातच. नाही म्हटलं की फुरंगटून पुढच्या दुकानात जातात. स्टिरॉईडने खाज चटकन बसते हे खरं, पण ती ज्याने सुटली ते तिथेच असतं. लूत असेल तर किड्यांचं फावतं, गजकर्ण असेल तर ते पसरतं, आणि डॉक्टरांकडे नेईपर्यंत चट्ट्याचं रूप इतकं बदललेलं असतं की त्यांनाही ओळखायला जड जातं.

आमच्याकडे यंदा आगोटीला पिल्लू आलं. भातगिरणीमागे चिऱ्यांच्या थप्पीखाली एक गावठी कुत्री व्यायली होती, त्यातलं एक. नातवाने नाव ठेवलं ब्रुनो. सासूबाईंच्या तोंडी त्याचा बुरुणो झाला आणि आता आम्ही सगळे तेच म्हणतो. पहिल्या रात्रीपासून त्याचं कान खरवडणं सुरू. झोपेतून उठून खाजवायचा, खाता खाता बसकण मारून खाजवायचा. सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्यान खाजवूचा नाय तर काय करूचा?" त्यांचं बरोबर आहे, थोडंफार सगळीच कुत्री खाजवतात. पण याच्या कानाच्या कडेला राखाडी खपली धरली होती, कोपरावरचे केस झडले होते, पोटावर पुरळ होतं. त्याला मांडीवर घेऊन बसणाऱ्या नातवाच्या हातांवर आणि कमरेपाशी लाल फोड उठले, तेव्हा माझा संशय बळावला.

घरात कुणालाही करता येईल अशी एक गोष्ट आहे. पिल्लाच्या कानाची कड चिमटीत धरायची आणि हलकेच चोळायची. लूत असेल तर बहुतेक वेळा त्याच बाजूचा मागचा पाय आपसूक खाजवायला लागतो. बुरुणोचा पाय सायकल मारावी तसा चालला.

सावंतवाडीला एका खाजगी पशुवैद्यांकडे नेलं. त्यांनी धार बोथट केलेल्या पात्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेतला आणि कानाची कड व कोपर खरवडलं, अगदी रक्ताची लाली दिसेपर्यंत. पिल्लू कुरकुरलं, पण ते काम मिनिटाभराचं. तो मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मलाही बघायला दिलं. गोल अंगाचा, आखूड पायांचा किडा जागच्या जागी वळवळत होता आणि शेजारी लांबट अंडी पडली होती. सार्कोप्टिस त्याचं नाव. माणसाला खरूज होते ती याच जातीच्या किड्यामुळे, फक्त त्याचा वाण वेगळा. कुत्र्यावरचा माणसाला उपद्रव देतो, पण माणसाच्या कातडीत त्याची वीण वाढत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की घरच्यांचे फोड काही आठवड्यांत आपोआप जातात. नातवाचे तसेच गेले. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते मला महत्त्वाचं वाटलं. हा किडा कातडीत बिळं करून राहतो, त्यामुळे खरवडून दर वेळी सापडतोच असं नाही. नाही सापडला आणि लक्षणं जुळत असतील, तर लुतीचं औषध देऊन बघतात.

मग वजन केलं आणि वजनाप्रमाणे गोळी दिली. आयसोक्साझोलिन गटाच्या या गोळ्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत. पिसवा, गोचिडी आणि लूत तिन्हींवर चालतात, पण साधारण आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला नाही, फार हलक्या पिल्लाला नाही, आणि ज्याला झटके येऊन गेलेत त्याला फार जपून. महाग आहेत, हेही सांगून टाकते. घरात दुसरी कुत्री असतील तर त्यांनाही औषध लागतं, खाजवत नसली तरी. अंथरुणाचा प्रश्न पावसाळ्यात अवघड. ऊन नाही. बुरुणोचं गोणपाट मी न्हाणीच्या चुलीवर उकळवलं आणि चुलीच्या उबेवरच वाळवलं. नंतर गोणपाट बंदच केलं, जुन्या साडीच्या घड्या घालते, त्या धुवायला सोप्या.

आता मुद्द्याचं. आमच्या पिल्लाला लूत निघाली म्हणून तुमच्याला तीच असेल असं नाही. खाजेची कारणं ढीगभर, आणि एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

सगळ्यात जास्त सापडतात त्या पिसवा. त्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही, त्यांची घाण दिसते. पांढरा कागद ओला करून पिल्लाखाली धरा आणि शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवा. (वर्तमानपत्र नको, शाईत ठिपके कळत नाहीत.) काळे कण पडले आणि कागदावर त्यांचा तांबूस डाग पसरला, तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवा आहेतच. अंगावरच्या पिसवा म्हणजे एकूण पिलावळीचा विसावा हिस्सासुद्धा जेमतेम. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष पडवीच्या कोपऱ्यात, पेंढ्यात, चटईखाली असतात. म्हणून एकदा न्हाऊ घातलं की काम झालं असं होत नाही. कोष महिनोन्‌महिने दबा धरून राहतात. पिसू गिळली गेली तर पोटात फीतकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढं काही वळवळताना दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा.

डोळ्याभोवती किंवा तोंडावर केस गेलेत पण पिल्लू फारसं खाजवत नाही, तर डेमोडेक्सचा संशय घेतात. हा किडा जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरूनच येतो, माणसाला लागत नाही, आणि एक-दोनच चट्टे असतील तर पुष्कळदा पिल्लू मोठं होता होता बरं होतं. त्यावर स्टिरॉईड चोपडलं तर तो अंगभर पसरू शकतो. गोल, कडेला खवले धरलेले चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते पोरांना सहज लागू शकतं. बोटांच्या बेचक्यांत आणि कानात कुबट, आंबूस वास, तेलकट लालसर कातडी, हे आपल्या दमट हवेतलं बुरशीचं दुखणं. एरवी पोटावरच्या बारीक पुळ्या काही पिल्लांना नुसत्या ओल्या-मळक्या जागेत लोळूनही येतात. मासे खाऊन खाज उठते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. अन्नाची अ‍ॅलर्जी असते, नाही असं नाही, पण एवढ्याशा पिल्लात पहिला संशय बांगड्यावर घेण्याचं कारण नाही. खारवलेलं सुकं मात्र त्याला घालू नये, ते मिठापायी.

गोचिडीबद्दल दोन शब्द. 2016 मध्ये दोडामार्गात माकडतापाची साथ आली, तेव्हापासून कुत्र्याच्या कानात गोचीड दिसली की लोक हबकतात. माकडताप प्रामुख्याने पसरवते ती जंगलातली गोचीड वेगळी. कुत्र्यावर नेहमी दिसणारी तपकिरी गोचीड दुसरी. ती चिऱ्याच्या भिंतीच्या फटींत राहते, तिथेच अंडी घालते. निरुपद्रवी तीही नाही, तिच्यामुळे कुत्र्याला रक्ताचे आजार होतात. ताप येऊन पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या तर थांबू नये.

सगळ्यात धास्ती मला गोठ्यातल्या बाटल्यांची वाटते. गुरांच्या गोचिडींवर फवारायचं औषध झाकणभर पाण्यात घालून पिल्लाला त्यात बुचकळतात. अमिट्राझ असेल तर लहान पिल्लू गळून पडतं, अंग गार पडतं, नाडी मंदावते. परमेथ्रिन असेल तर कुत्रं कदाचित निभावेल, पण त्याला बिलगून झोपणारी मांजर जाईल. मासळी खाणाऱ्या घरात मांजर असतेच. दुसरा प्रकार गुरांच्या जंत-गोचिडींवरच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनचा. त्याचा हिशेब करून दाखवते. गुरांचं इंजेक्शन एक टक्क्याचं, म्हणजे एका मिलीत 10 मिलिग्रॅम, आणि प्रमाण 50 किलो वजनाला 1 मिली. तीन किलोच्या पिल्लाला त्याच प्रमाणात 0.06 मिली येतं. साध्या 2 मिलीच्या सिरिंजवर सगळ्यात बारीक रेघ 0.1 मिलीची. म्हणजे 'थोडंसं' म्हणून अर्धा मिली टोचणारा माणूस आठपट औषध देतो. शिवाय कोली या विलायती जातीच्या आणि त्या रक्ताच्या कुत्र्यांना हे औषध गुरांच्या प्रमाणातही थेट मेंदूवर जाऊ शकतं. तंबाखूचं पाणी, रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल यांवर वेगळं लिहीत नाही. पण या तिन्हींचे सल्ले मी याच वर्षी ऐकले. करंजेल त्यातल्या त्यात सौम्य, तरी चाटलं की पिल्लू ओकतं.

आंघोळीचंही तसंच. माणसाचा शाम्पू माणसाच्या कातडीला जुळणारा, आम्लाकडे झुकलेला. कुत्र्याची कातडी तशी नसते. रोज न्हाऊ घातल्याने ती कोरडी पडून उलट जास्त खाजते. औषधी शाम्पू दिला असेल तर तो अंगावर दहा मिनिटं राहू द्यावा लागतो. लावला की लगेच पाणी ओतलं तर पैसे गटारात. आणि नंतर बोटांच्या बेचक्यांसकट कोरडं पुसायचं, जुलैत हे न्हाऊ घालण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

एवढं लिहिण्याचं कारण निव्वळ औषधं नाही. लूत लागलेल्या पिल्लाचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पिशवीत घालून खाडीपलीकडे नाहीतर मासळीबाजारामागे सोडून येतात. लूत गावठी कुत्र्यांनाच होते हा समजही तितकाच पक्का. मुंबईहून गाडीच्या एसीत आणलेली लॅब्रेडॉरची पिल्लंसुद्धा तेच किडे घेऊन येतात, कारण ती जिथे वाढवतात तिथे दाटीवाटी असते. बरा होणारा आजार आहे हा. बुरुणोच्या कानांवर आता मखमली केस आलेत.

शेवटी पशुसंवर्धन खात्यासाठी. आपल्या तालुक्यांतले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुरांसाठी आहेत आणि ते बरोबरच आहे. अनेक ठिकाणी एका डॉक्टरवर दोन-दोन दवाखाने असतात, याचीही जाणीव आहे. फिरत्या पथकाचा 1962 हा क्रमांक माझ्या दुकानात लावलेला आहे. पण शेण आणि रक्त तपासायला जिथे सूक्ष्मदर्शक आहे, तिथे पावसाळ्यात आठवड्याचा एक वार कुत्र्यांची कातडी तपासायला ठेवला आणि तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला, तर बरंच भागेल. पातं, काचपट्टी, पॅराफिन यांचा खर्च किरकोळ आहे. आमच्या भागापुरतं हे सामान मी आनंदाने देईन.

पत्र लांबलं. जागा कमी असेल तर बुरुणोचा सगळा भाग गाळा, गुरांच्या इंजेक्शनचा हिशेब तेवढा कापू नका.

आपली,
एक औषधविक्रेती
शिरोडा, ता. वेंगुर्ला
(नाव प्रसिद्ध करू नये)