मजुरीचा विषय चर्चमध्ये नको म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी कुणीतरी लिहिलं होतं की चर्चने भजन-प्रार्थना करावी, शाळा-दवाखाने चालवावेत, पण कामगार, जमिनी, सरकार असल्या भानगडीत पडू नये. मी ख्रिस्ती आहे, मंडळीच्या कमिटीवर बरीच वर्षं खजिनदार होतो, आणि खरं सांगू का, हे वाक्य मी बाहेरच्यांपेक्षा आमच्याच लोकांच्या तोंडून जास्त ऐकलंय. परवाच आमच्या पाळकांनी याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय उपदेशाला घेतला, तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि शेतं कापणाऱ्यांचं ते रडणं देवाच्या कानापर्यंत पोचलंय, असा काहीसा तो भाग आहे, आणि त्यावर त्यांनी आजच्या मजुरांबद्दल फक्त दोन वाक्यं बोलली. दोनच. उपासना संपल्यावर दाराशी चार जण थांबलेले, पाळकसाहेब, चर्चमध्ये राजकारण नको. अहो पण राजकारण कुठलं, ते तर बायबलच होतं!

उपदेशानंतर दाराशी तक्रार घेऊन थांबणारे हे लोक काही नवीन नाहीत. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू स्वतःच्या गावच्या सभास्थानात उभा राहून यशया या जुन्या संदेष्ट्याच्या पुस्तकातला भाग वाचतो, गरिबांना शुभवर्तमान, बंदिवानांना सुटका, ठेचले गेलेत त्यांना मोकळं करणं. इथपर्यंत सगळे खूश, आपला योसेफाचा मुलगा किती छान बोलतो. मग तो दोन उदाहरणं देतो, एक परक्या देशातली विधवा आणि एक परका सेनापती, की देवाने त्यांच्याकडे पाहिलं, तुमच्याकडे नाही. झालं, त्याच लोकांनी त्याला कड्यावरून ढकलून द्यायला डोंगरावर नेलं. म्हणजे पहिल्याच उपदेशाला ही गत. आमच्या पाळकांना नुसती तक्रार आली, ते सुटले म्हणायचे.

मला यातली सगळ्यात जास्त लक्षात राहणारी गोष्ट आहे ती १५११ सालची. २१ डिसेंबर, नाताळच्या आधीचा रविवार, जागा हिस्पॅनिओला बेट, म्हणजे आज जिथे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक आहेत ते. स्पॅनिश लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना आपापसात वाटून घेतलेलं, सोन्याच्या खाणीत आणि शेतात मरेपर्यंत राबवायचे, आणि रविवारी सगळे न चुकता मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, हजर. अँटोनिओ मोंटेसिनोस नावाचा डॉमिनिकन साधू वेदीपाशी उभा राहिला आणि त्याने सरळ विचारलं की कुठल्या हक्काने तुम्ही या लोकांना असल्या गुलामीत ठेवलंय, ही माणसं नाहीत का? समोर खुद्द कोलंबसचा मुलगा बसलेला, तो तिथला गव्हर्नर. जेवणं झाल्यावर मंडळी मठावर धडकली, शब्द मागे घ्या नाहीतर सामान बांधा. साधू म्हणाले बरं, पुढच्या रविवारी परत बोलू, लोकांना वाटलं माफी मागणार, तर पुढच्या रविवारी तो आधीपेक्षा जास्तच कडक बोलला, आणि वर सांगितलं की जो कुणी या लोकांना असं राबवतो त्याचा पापकबुलीजबाब आम्ही ऐकणार नाही. तक्रार थेट स्पेनच्या राजापर्यंत गेली.

त्या काळात बार्तोलोमे दे लास कासास तिकडेच होता, आणि त्याच्याकडेही असे राबणारे लोक होते. तोही पाद्रीच. लगेच काही बदलला नाही, तीन वर्षं गेली. १५१४ मध्ये क्युबात उपदेशाची तयारी करताना त्याच्या वाचनात सिराखच्या पुस्तकातला (आम्हा प्रोटेस्टंटांच्या बायबलात हे पुस्तक नसतं, कॅथलिकांच्या असतं) तो भाग आला की मजुराची मजुरी बुडवणं म्हणजे रक्त सांडणं. परत मजुरीच बघा! त्याने आपल्याकडचे लोक सोडून दिले आणि उरलेलं आयुष्य राजदरबारात भांडत काढलं. पण त्यालाही सोवळा करायला नको, मूळ रहिवाशांना वाचवायच्या नादात त्यानेच एकदा सुचवलं होतं की त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणा. पुढे याचा त्याला फार पस्तावा झाला, तसं त्याने लिहूनही ठेवलंय. चांगला माणूससुद्धा एकाचं दुःख बघताना दुसऱ्याच्या मानेवर पाय देऊ शकतो, हे मला त्याच्याकडून कळलं, एरवी संतांच्या गोष्टीत एवढं खरं कुणी सांगत नाही.

आता चर्च गप्प बसलं तर काय होतं तेही बघू. गप्प बसणं म्हणजे राजकारण नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी १८०७ सालचं एक बायबल बघावं. लंडनमध्ये छापलेलं, वेस्ट इंडिजमधल्या गुलामांना शिकवण्यासाठी. त्यातून इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटतात ती गोष्टच गायब, ख्रिस्तात दास-स्वतंत्र असा भेद नाही हे पौलाचं वाक्य गायब, आणि दासांनो धन्यांच्या आज्ञेत राहा हे मात्र जागच्या जागी. म्हणजे गुलामगिरीचं समर्थन करायला बायबल कापावं लागलं, अख्खं बायबल गुलामाच्या हातात द्यायची त्यांनाच भीती वाटली. मला वाटतं हीच आमच्या धर्मग्रंथाची सगळ्यात मोठी शिफारस आहे. गंमत म्हणजे याच १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, आणि त्यासाठी वीस वर्षं डोकं आपटणाऱ्यांत विल्यम विल्बरफोर्ससारखे चर्चवालेच पुढे होते. एकाच वर्षी, एकाच देशात, एकाच प्रभूच्या नावाने दोन्ही. आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या एका मिशनसंस्थेचा बार्बाडोसमध्ये उसाचा मळा होता, तिथल्या गुलामांच्या अंगावर संस्थेची खूण डागलेली असायची. पुढे १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी गेली तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई वाटली, ती मालकांना, गुलामांना एक पेनी नाही, आणि मालकांच्या यादीत ही संस्थाही होती. चर्चने याची माफी मागितली २००६ मध्ये. हिशोब तुम्हीच करा.

दक्षिण आफ्रिकेत तर याहून साधं घडलं. १८५७ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे त्यांच्या मोठ्या सभेने, ठरवलं की खरं तर सगळ्यांनी एकत्रच उपासना करावी असं वचन सांगतं, पण 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वेगळी व्यवस्था चालेल. काही गोऱ्यांना काळ्यांबरोबर एकाच प्रभुभोजनाला बसणं जमत नव्हतं, ही ती दुर्बलता. तेवढ्यापुरती सवलत. ती सवलत मग नियम झाली, नियमाची वेगळी चर्चेस झाली, आणि १९४८ मध्ये वर्णभेदाचं सरकार आलं तेव्हा त्याला धर्माचा आधार तयारच होता. १९८२ मध्ये जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसच्या संघटनेने ओटावात वर्णभेदाचं धार्मिक समर्थन म्हणजे पाखंड असं जाहीर केलं, त्याच वर्षी तिथल्याच मिश्रवर्णीयांच्या चर्चने बेलहार इथे आपला विश्वासनामा मांडला, तिथलेच बिशप डेस्मंड टुटू तर आधीपासून बोलतच होते. पण १८५७ ते १९८२ म्हणजे सव्वाशे वर्षं! एका सवलतीची किंमत. मला ही गोष्ट सांगताना नेहमी आपल्याकडच्या सवलती आठवतात, कुठे रंगावरून, कुठे जातीवरून वेगळी बाकं, वेगळी दफनभूमी, आणि वर असं की पूर्वीपासून चालत आलंय, उगाच लोक दुखावतील.

माझं म्हणणं इतकंच आहे की दान आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्हाला पहिली फार छान जमते. कपडे वाटा, धान्य वाटा, फोटो काढा. त्याला मी नावं ठेवत नाही, भुकेलेल्याला आधी जेवणच लागतं, मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या दिवशीचा हिशोब त्यावरच आहे. पण दान देताना देणारा वरच राहतो, त्याचं काहीच हलत नाही. न्याय म्हटला की विचारावं लागतं, हा माणूस रोज राबूनही भुकेला का? आणि त्याचं उत्तर कधीकधी चर्चच्या पहिल्या रांगेत बसलेलं असतं, मोठी देणगी देणारं असतं.

यात भाषेचाही थोडा दोष आहे असं मला वाटतं. आमच्या मराठी बायबलात जागोजागी 'नीतिमत्त्व' हा शब्द येतो, जे नीतिमत्त्वाचे भुकेले ते धन्य, पहिल्याने त्याचं राज्य व नीतिमत्त्व मिळवा. आता नीतिमत्त्व म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर काय येतं, तर दारू न पिणारा, शिवी न देणारा, रविवार न चुकवणारा सज्जन. पण मुळात हिब्रूमधला त्सेदाका आणि ग्रीकमधला दिकायोसिने या शब्दांत चांगुलपणा आणि न्याय दोन्ही एकत्र आहेत, वेगळे करताच येत नाहीत. न्यायाचे भुकेले ते धन्य असं एकदा वाचून बघा, येशूचं डोंगरावरचं प्रवचन एकदम वेगळं ऐकू येतं. आमोस संदेष्टा तर देवाच्या वतीने स्पष्टच सांगतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा, मला न्याय पाण्यासारखा वाहायला हवाय. हे मी क्वायरच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं, फार कुणाला आवडलं नाही.

काही जण म्हणतात आपलं काम आत्म्यांचं तारण, बाकी जगाचं जग बघेल. त्यांच्यासाठी सांगतो, १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात जगभरचे सुवार्तिक मंडळींचे लोक जमले होते, अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅमच्या पुढाकाराने, म्हणजे तारणाबद्दल कुणी त्यांना शिकवायला नको. त्यांनी लेखी मान्य केलं की सुवार्ता आणि समाजातली जबाबदारी दोन्ही ख्रिस्ती कर्तव्याचा भाग आहेत, आणि आजवर कधीकधी यांना एकमेकांविरुद्ध धरलं त्याबद्दल पश्चात्तापही व्यक्त केला. दुसरे म्हणतात हे सगळं कम्युनिस्टांचं खूळ. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांवर परिपत्रक काढलं, त्यात समाजवादाला चक्क विरोध केलाय, आणि त्याच पत्रात म्हटलंय की मजुराला घर चालेल एवढी मजुरी मिळणं हा न्याय आहे आणि संघटना करायचा त्याला हक्क आहे. करा आता काय करायचं ते.

एक भीती मात्र मलाही पटते. चर्च एखाद्या पक्षाचा माइक झालं तर संपलं. उद्या पाळक वेदीवरून कुणाला मत द्या हे सांगायला लागले तर मीच दाराशी थांबेन तक्रार घेऊन. पण अन्यायाला अन्याय म्हणणं आणि पक्षाचा प्रचार करणं यातला फरक न कळण्याइतके आपण साधे नाही, आपण सोयीने साधे होतो. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी सैनिकांना रेडिओवरच्या उपदेशात सांगितलं की स्वतःच्याच लोकांना मारायचा हुकूम पाळू नका, दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० ला, मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. तेव्हाही त्यांना राजकारणी म्हणणारे बिशप होते. २०१८ मध्ये चर्चने त्यांना संत जाहीर केलं. मेल्यावर संत म्हणायला आम्ही कधीच कचरत नाही.

आणि दुसऱ्याला न्याय शिकवायला निघालेल्या चर्चने आधी आपलं घर बघावं, हे बाहेरचे म्हणतात तेव्हा राग येतो पण ते बरोबर आहेत. मुलांवर झालेले अत्याचार चर्चच्या नावाला बट्टा नको म्हणून वर्षानुवर्षं दाबले गेले, बोस्टनमध्ये ते २००२ साली एका वर्तमानपत्राने बाहेर काढलं तेव्हा कुठे वर्षअखेरीला तिथल्या कार्डिनलना, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चच्या प्रमुखांना, राजीनामा द्यावा लागला. जे काम संदेष्ट्यांनी करायचं ते बातमीदारांना करावं लागलं.

घरचंच निघालंय तर माझंही सांगतो, कारण याकोबाचं ते वचन ऐकताना मी बाकावर खाली मान घालून बसलो होतो. मी खजिनदार असताना आमच्या चर्चची झाडलोट करणाऱ्या माणसाचा पगार आम्ही बऱ्याचदा लांबवायचो. वाईट हेतू नव्हता हो, दानपेटीत कमी आलं की पहिला तोच थांबायचा, वीजबिल भरलंच पाहिजे, माणूस काय, समजून घेतो, देवाचं काम आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सांगितलंय की गरीब मजुराला सूर्य मावळायच्या आत पैसे द्या, मी ते वचन संडे स्कूलमध्ये शिकवलंय. त्याला आठवड्याची सुट्टीही नव्हती. रविवारी तर नाहीच, रविवारी उलट दोन उपासना. शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आम्ही मोठ्याने म्हणायचो आणि त्या आज्ञेत नीट लिहिलंय की तुझ्या दासानेही विसावा घ्यावा, तुझ्या बैलानेही. दहा आज्ञा पाठ असणाऱ्या सगळ्यांसाठी खुर्च्या मांडायला तो पहाटेपासून आलेला असायचा. त्याने एकदाच विचारलं होतं, साहेब, या महिन्याचं कधी, आणि मी म्हटलं होतं, प्रार्थना कर.

आता मी खजिनदार नाही, पण कमिटीला पत्र दिलंय. जुनी वहीखाती माझ्याच अक्षरातली आहेत त्यामुळे किती महिने किती थकले ते काढायला वेळ लागला नाही. येत्या मीटिंगच्या अजेंड्यावर पहिला विषय त्याची मागची बाकी आणि आठवड्याची एक सुट्टी, असा लिहून घ्यायला लावलाय. नव्या साउंड सिस्टिमचा विषय आधी एक नंबरवर होता, तो दोनवर गेला म्हणून दोन जण माझ्याशी बोलत नाहीत.

आपला,
एक वाचक (माजी खजिनदार)