आम्ही म्हणजे कोण

विंडसर, ओंटारियो
९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोहोचला. चकल्यांचा पार चुरा झाला होता, पण तोही दोन दिवसांत संपला.

बाबा, मागे फोनवर ट्रम्प यांच्या टॅरिफबद्दल, म्हणजे आयात करांबद्दल, बोलता बोलता मी म्हणालो, "आम्ही असे वाकणार नाही," आणि तुम्ही विचारलंत, "आम्ही म्हणजे कोण रे?" मी हसून विषय बदलला. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

आधी लपवलेलं सांगतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या टूलरूमला आठवड्यातून तीनच दिवस काम होतं. इथे सरकारची वर्क-शेअरिंग म्हणून सोय आहे, बुडालेल्या दिवसांच्या पगाराचा काही भाग विम्यातून मिळतो. त्यावर भागलं. आई, तुला कळलं असतं तर तू जोतिबाला नवस बोलून मोकळी झाली असतीस, म्हणून बोललो नाही. आता चार दिवस काम आहे.

बाबा, तुम्ही आयुष्य फौंड्रीत काढलंत, तुम्हाला फोड करून सांगायला नको. मोल्डची ऑर्डर आज दिली तर माल हातात पडायला काही महिने जातात. तेव्हा सीमेवर किती टॅरिफ लागेल हेच ठाऊक नसेल तर गिऱ्हाईक ऑर्डर देईल कशाला? १ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर २५ टक्के टॅरिफच्या आदेशावर सही केली, दोनच दिवसांत महिनाभर पुढे ढकललं, ४ मार्चला लावलं आणि ६ मार्चला अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारात बसणाऱ्या मालाला सूट दिली. पोलाद-ॲल्युमिनियमवर मार्चमध्ये २५, जूनमध्ये ५०. ओंटारियो सरकारने रेगन यांचं १९८७ चं टॅरिफविरोधी भाषण जाहिरातीत वापरलं, तर त्या रागात ट्रम्प यांनी गेल्या महिन्यात बोलणीच मोडली. पन्नास टक्के एकदाचे कायम असते तरी आमच्या मालकाने काहीतरी गणित बसवलं असतं. तुमच्याकडेही ऑगस्टपासून ५० आहेच. शिरोलीतली कारखान्यांची मंडळी काय म्हणतात ते कळवा.

इथून अमेरिका उत्तरेला दिसते, हे आईला अजून खरं वाटत नाही. नदीपलीकडे डेट्रॉइट. १९६५ च्या मोटार करारापासून दोन्ही काठांचे कारखाने एका छपराखाली असल्यासारखे चालतात, एकेक सुटा भाग गाडीत बसेपर्यंत चार-चार वेळा पूल ओलांडतो. आता शेजारी नवा पूल उभा राहिलाय, त्याचा खर्च सगळा कॅनडाने केलाय. नाव गॉर्डी हाउ या हॉकीपटूचं. माणूस कॅनडाचा, पण खेळला डेट्रॉइटकडून, आणि अंगावर येणाऱ्याला कोपर मारण्यात त्याचा हातखंडा. यंदा कॅनडात सगळीकडे जी 'एल्बोज अप', म्हणजे 'कोपर वर'ची घोषणा चाललीय, ती त्याच्याच कोपरांची.

मला मात्र आपला गावाकडचा बांध आठवतो. तात्या दर वर्षी नांगराच्या एका तासाने बांध कोरायचे. तुम्हाला दिसत होतं, पण आपला ऊस बाहेर काढायची वाट त्यांच्याच रानातून. भांडलं तर ट्रॅक्टर कुठून जाणार? कॅनडाचीही जवळजवळ तीन चतुर्थांश निर्यात अशीच एका अमेरिकेच्या वाटेने जाते. तुम्ही शेवटी मोजणी आणलीत तेव्हा मी नववीत होतो, आणि त्या वर्षी ऊस डोक्यावरून वाहिला होता. इथले पंतप्रधान कार्नी सध्या दुसरी वाट शोधत हिंडताहेत. जूनमध्ये मोदींना जी-७ साठी बोलावलं, मागच्या आठवड्यात शी जिनपिंगना भेटून आले.

बँकेचा गव्हर्नर पंतप्रधान कसा झाला, असं तुम्ही विचारलं होतंत. मनमोहन सिंग नव्हते का? हे तर दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर होते, आणि मार्चमध्ये शपथ घेतली तेव्हा साधे खासदारही नव्हते. जानेवारीत त्यांचा पक्ष बुडणार हे सगळे धरून चालले होते. कॅनडा ५१ वं राज्य व्हावं, असं ट्रम्प घोकत राहिले आणि वारं फिरलं. २८ एप्रिलला ३४३ पैकी १६९ जागा आल्या, बहुमताला तीन कमी. परवा मंगळवारी विरोधकांतला एक खासदार येऊन मिळाला, तर टीव्हीवर दुसरा विषय नाही. एकच हो, बाबा! आपल्याकडे पक्ष चिन्हासकट जातो.

पण कोपर वर म्हणणाऱ्यांनी तीच कोपरं हळूच खालीही घेतलीत. अमेरिकी कंपन्यांवरचा डिजिटल कर जूनअखेरीस गुंडाळला, सप्टेंबरपासून बहुतेक उलट-टॅरिफही काढले. आमच्या लेथवरचा म्हातारा चिडून म्हणतो, मग मी पेट्रोलला पलीकडे जायचं का सोडलं? त्याने खरंच सोडलंय. आणि मी दुकानात टोमॅटो उलटून लेबल बघतो, इथल्या जवळच्या लेमिंग्टनचे असतील तरच घेतो. कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी याच गावात बसस्टॉपवर एकाने मला "परत जा" सुनावलं होतं. तोही आता लेमिंग्टनचेच टोमॅटो घेत असेल.

आमच्या बाजूच्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर निकाल लागला चार मतांनी. चार! ग्रामपंचायतीलाही आपल्याकडे याहून जास्त फरक पडतो. आमच्या शॉपमधलेच सहाजण तिथे राहतात आणि दोघे मत द्यायला गेलेच नाहीत. मला तर मतच नाही. त्या दिवशी घरी येऊन नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला.

भरून झालाय, अजून पाठवलेला नाही. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, शपथ घेतली की निळा पासपोर्ट परत करावा लागेल. घर, शेत, सातबाऱ्यावरचं नाव, याला काही होत नाही, ते मी नीट विचारून घेतलंय. परवानगी मागतोय असं नाही, बाबा, पण तुम्हाला न सांगता पाठवायला हात होत नाही. रविवारी फोन करतो. "आम्ही म्हणजे कोण"चं अर्धं उत्तर हे आहे, उरलेलं तुम्ही ऐकल्यावर.

आई, पुढच्या वेळी चकल्या वेगळ्या डब्यात घाल. आणि अख्खा मसूर पाठवू नकोस. भारतात बाहेरून येणारी मसूर पुष्कळशी इथल्या सस्कॅचवानचीच असते. इथून बोटीने कोल्हापूरला जाणार, तिथून कुरियरने माझ्याकडे. मसाला मात्र पाठव.

तुमचा,
अमोल