स्लेट म्हणून कडप्पा गळ्यात मारतात हो

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या रविवारच्या घरसजावटीच्या पानावर फायरप्लेसला नॅचरल स्लेट लावायचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण दगडाबद्दल निम्मंच सांगितलंय आणि उरलेलं निम्मं मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय म्हणून हे पत्र.

आमचं जांबोटीच्या बाजूला छोटं फार्महाऊस आहे. आपल्याकडं फायरप्लेस कशाला लागतंय असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत तिकडं एक रात्र काढून बघावी, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका, अंथरूण-पांघरूण सगळं दमट, चार-चार दिवस चड्ड्या-बनियन वाळत नाहीत. तर हौसेनं फायरप्लेस केली. बेळगावातल्या एका दुकानातून काळा दगड आणला, दुकानदार म्हणाला स्लेटच आहे, आणि गवंड्यानं तोच दगड बाहेरनं पण लावला आणि आत जिथं लाकडं जळतात तिथं पण लावला. आत चालतंय का म्हणून विचारलं तर म्हणतो कसा, "काय हुतंय सायेब, दगड हाय नव्हं, दगडाला काय हुतंय."

ऑगस्टात पहिला जाळ घातला. अर्ध्या तासात फटाककन आवाज झाला आणि बशीएवढा कपचा उडून सतरंजीवर पडला, आई तिथंच शेकत बसली होती, तिच्या पायापासून हातभर लांब. आई म्हणाली चूल बरी होती.

पुढं दुसऱ्या एका म्हाताऱ्या गवंड्याला दाखवलं. त्यानं तो कपचा उलटा केला, तुटलेल्या बाजूवर लिंबू पिळलं आणि कानाजवळ धरा म्हणाला. बारीक चुरचुर, सोड्यात लिंबू टाकल्यासारखी. म्हणजे कडप्पा. कडप्पा, शहाबादी हे सगळे चुनखडीचे दगड, ओट्याला फरशीला एक नंबर, पण जाळात नाही, चुन्याच्या भट्टीत ८००-९०० अंशाला हाच दगड भाजून चुना करतात की! स्लेट वेगळी. ती चिखलमातीचा दगड जमिनीखाली दाबानं-उष्णतेनं बदलून होते, म्हणून तिचे पातळ सपाट पापुद्रे निघतात, आपण लहानपणी ज्यावर पेन्सिलीनं गिरवलं आणि थुंकीनं पुसलं ती पाटी म्हणजे स्लेटच, आंध्रातल्या मार्कापूरची खाण त्यासाठीच नावाजलेली. हिमाचलात कांगड्याकडं तर घरावर कौलांच्या जागी स्लेट असते. बहुतेक स्लेटवर लिंबू पिळलं तरी ती गप्प बसते, आणि बोटाच्या सांध्यानं टिचकी मारली की खणखणीत वाजते. भद्द वाजली तर आत चीर आहे, घेऊ नका.

आता लेखात न आलेली मुख्य गोष्ट. स्लेट खरी असली तरी ती जाळाच्या पोटात लावायची नाही. पोटात भट्टीच्या विटा, म्हणजे फायर ब्रिक, आणि फायरक्लेचा, म्हणजे जाळ सोसणाऱ्या मातीचा, जोड. स्लेट फक्त बाहेरच्या चेहऱ्याला आणि समोरच्या ओट्याला. कारण साधं आहे, पापुद्र्यांच्या मधे थोडं जरी पाणी राहिलं तर त्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते, ती पापुद्रा फोडूनच बाहेर येते. माझी चूक डबल होती, दगड पण चुकीचा आणि वर पावसात भिजलेला. विटा आणि स्लेट यांच्यात थोडी फट पण ठेवावी लागते, दोन्ही तापून सारख्या फुगत नाहीत. समोरचा ओटा किती पुढं काढायचा म्हणाल तर अमेरिकेतल्या बांधकाम नियमात छोट्या फायरप्लेसला पुढं १६ इंच आणि दोन्ही बाजूला ८-८ इंच धरतात, तेवढं तरी पाहिजेच, ठिणगी काय मोजून उडत नाही. सिमेंटचं काम असेल तर २८ दिवस थांबा आणि नंतर पण पहिले चार-पाच दिवस नुसत्या काटक्यांचा जाळ.

अजून एक, स्लेट काळीभोर दिसावी म्हणून जवसाचं तेल लावतात, मी पण लावलं. पण ते तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतंय. खरं आहे, थट्टा नाही. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात टाका. आणि दगडात पिवळे चमकणारे ठिपके दिसले तर सोनं समजून खूश होऊ नका, ते लोखंड-गंधकाचे असतात, आपल्या दमट हवेत त्याचे गंजाचे ओघळ येतात.

या खेपेला खानापूर रोडनं जाताना दुसरीकडनं दगड घेतला, लिंबू खिशात घेऊनच गेलो होतो, दुकानातला पोरगा हसायला लागला. हसू दे. पहिल्या दुकानात पण जाऊन आलो, भांडायला नाही, फक्त म्हणालो बिलावर "नॅचरल स्लेट" असं लिहून द्या. त्यांनी बरंच पेन शोधलं आणि "ब्लॅक स्टोन" लिहून दिलं.

आपला,
एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव