येश्त्येदच्या माथ्यावरचं हॉटेल

प्राग

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या डोंगरावर हॉटेलही होणार आणि टॉवरही उभा राहणार, शिखराची पार रया जाईल, ही तुझी धास्ती वाचली आणि तुला येश्त्येदबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

झेकियाच्या, म्हणजे चेक प्रजासत्ताकाच्या, उत्तरेला लिबेरेत्स नावाचं शहर आहे. त्याला लागूनच १०१२ मीटर उंचीचा हा डोंगर. एकोणिसाव्या शतकातच माथ्यावर खाण्यापिण्याची सोय झाली होती. पुढे १९०७ साली इथल्या जर्मन गिरिभ्रमण मंडळाने दगडी मनोऱ्याचं हॉटेल बांधलं, कारण तेव्हा शहरात वस्ती बहुतांशी जर्मन भाषिकांची होती. १९३३ साली रोपवे आला. महायुद्धानंतर जर्मनांना देशाबाहेर घालवलं. ज्यांनी हॉटेल बांधलं ते गेले, हॉटेल तेवढं राहिलं. तेही १९६३ च्या जानेवारीत आगीत जळून गेलं.

आता सरकारला तिथे नवं हॉटेल हवं होतं आणि दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण केंद्रही. स्पर्धा जाहीर झाली, त्यात दोन स्वतंत्र इमारती मागितल्या होत्या. म्हणजे तुमच्याकडे जे चाललंय तेच. कारेल हुबाचेक या लिबेरेत्सच्या वास्तुविशारदाने ती अट सरळ बाजूला ठेवली आणि दोन्ही एकाच इमारतीत बसवलं. पायाशी ऐसपैस, वर जाताना आत वळत निमुळता होणारा हा मनोरा सुमारे ९४ मीटर उंच आहे. डोंगराचा उतार जिथे संपतो तिथून इमारतीची कड तीच रेषा धरून वर जाते. शहरातून पाहिलं तर डोंगर कुठे संपला ते नेमकं सांगता येत नाही. अट मोडूनही परीक्षकांनी त्यालाच निवडलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

तू इंजिनिअर, म्हणून थोडं आतलं सांगतो. खालच्या भागात काँक्रीटचा गाभा, वर पोलाद. शेंड्याकडे, जिथे अँटेना आहेत, तिथे फायबरग्लासचं कवच. धातूचं असतं तर लहरी अडल्या असत्या, आणि अँटेना उघड्या ठेवाव्यात तर इथल्या हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात. वाऱ्याने शेंडा डोलायला लागला की तो शमवायला झ्देन्येक पात्रमान या अभियंत्याने आत लोलकासारखं वजन बसवलं. काम १९६६ साली सुरू झालं आणि हॉटेल उघडलं १९७३ मध्ये. मनोरा पुरा होण्याआधीच, १९६९ साली, वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हुबाचेकला ऑग्युस्त पेरे पुरस्कार दिला होता.

आत शिरल्यावर मी नेहमी आधी मधल्या काँक्रीटच्या भिंतीपाशी जातो. लिबेन्स्की आणि ब्रिख्तोव्हा या काचशिल्पकार जोडप्याने तिच्यात काचेचे जाड गोळे बसवलेत, आकाशातून उल्का येऊन रुतल्यासारखे. खडबडीत सिमेंटवरून हात फिरवत जावं तर मध्येच गुळगुळीत, गार काच लागते.

२००६ पासून ही इमारत राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारक आहे. ३१ ऑक्टोबर २०२१ ला मात्र रोपवेचा दोर तुटला, डबा कोसळला आणि त्यातला कर्मचारी दगावला. त्यानंतर रोपवे बंद पडला. त्या उतारावरून जाताना त्या माणसाची आठवण येते आणि जीव कासावीस होतो.

ग्रामसभेत तू बोलणार आहेसच. हॉटेल आणि टॉवर वेगळे का, हे त्यांना विचारच. आणि गावातून पाहिल्यावर माथा कसा दिसेल, याचं चित्र काढून दाखवल्याशिवाय कागद पुढे सरकू देऊ नकोस. आराखडे हाती आले की मला पाठव. येश्त्येदच्या मनोऱ्याच्या छेदांचे नकाशे मी इथून पाठवतो. ते सभेत मांडलेस तर निदान तरुण पोरं तरी तुझ्या बाजूला येतील.

काकूंना साष्टांग नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद