मॅडम, चार्जर परत लावल्याबद्दल आभार

मॅडम,
सा. न. वि. वि.

मज्जासंस्थेचं प्रात्यक्षिक म्हणून याआधी आमच्या वाट्याला आला तो फळ्यावरचा ॲक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे मज्जातंतूतल्या क्षणिक विद्युत-स्पंदाचा आलेख, आणि 'जर्नलमध्ये उतरवून घ्या' ही आज्ञा. ते स्पंद मोठे करून दाखवणारा ॲम्प्लिफायर कपाटात कुलूपबंद. हात लावला की बिघडतो म्हणे!

तुम्ही थेट झुरळच हातात दिलंत. बर्फाच्या पाण्यात त्याची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत कात्रीला हात लावू दिला नाहीत. पाय अंगालगत कापायचा, ॲम्प्लिफायरला जोडलेली एक टाचणी कॉक्सात (पायाच्या बुडाशी), दुसरी फीमरमध्ये (मांडीच्या भागात). दोन्ही एकमेकींना टेकल्या की सिग्नल गायब. पाय सुकला की मज्जातंतूही गप्प, म्हणून रेंगाळायचं नाही.

पण हे पत्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी. स्पीकरमधून नुसती घरघर येत होती आणि स्क्रीनवर दर 20 मिलिसेकंदांनी तीच लाट, म्हणजे विजेच्या लाइनचे 50 हर्ट्झ. तुम्ही लॅपटॉपचा चार्जर काढलात, घरघर थांबली. मग चकार शब्द न काढता तो परत लावलात आणि पुढच्या टेबलाकडे गेलात. उत्तर दाखवून मोठेपणा घेणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याला शोधायला जागा ठेवणारी माणसं विरळाच.

मग एकेक तपासलं. अर्थिंग नसलेला चार्जर हा मुख्य आरोपी, पण लोंबणाऱ्या लांब वायरीही साथीदार निघाल्या. त्या आखूड करून एकमेकींत पिळल्या, खालचा पत्रा ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडला. 300 हर्ट्झखालचं गाळणारा फिल्टर सगळ्यात शेवटी, कारण तो आधी लावला असता तर दोष नुसताच झाकला गेला असता.

टिबियावरच्या (नडगीच्या भागावरच्या) काट्याला काडी टेकवली आणि लाह्या फुटाव्यात तशी तडतड! काडी तशीच धरून ठेवली तर तडतड विरळ होत गेली. जोर वाढवल्यावर स्क्रीनवर उंच स्पाइक (स्पंदांची टोकं) आले, तेव्हा एकच न्यूरॉन (चेतापेशी) मोठ्याने ओरडतोय असं सगळ्यांचं मत पडलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "उंची मोजा." उंचीचे दोन वेगळे गट निघाले, मधलं काही नाही. बुटके स्पाइक तेवढेच बुटके, फक्त जास्त घाईत. उंच होते ते दुसऱ्या, बहुधा जाड ॲक्सॉनच्या (संदेश नेणाऱ्या लांब तंतूच्या) न्यूरॉनचे. उत्तेजना वाढली की स्पाइक उंच होत नाहीत, दाट होतात, हे एड्रियन आणि झोटरमन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1926 मध्येच दाखवलं होतं. आम्हाला ते परीक्षेपुरतं पाठ होतं.

पुढच्या बॅचसाठी टाचण्या सँडपेपरने घासून डबीत ठेवल्या आहेत. गंज चढला की संपर्क तुटक होतो.

आपले विद्यार्थी