गिंकोचे रोप घेण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बागेत गिंको हा पंख्यासारख्या पानांचा प्राचीन वृक्ष लावण्याची हौस असणाऱ्या प्रत्येकाने रोप घेताना ते बियांपासून तयार केले आहे की कलमापासून, हे अवश्य विचारून घ्यावे. गिंकोमध्ये नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेले झाड यांपैकी कोणते, हे कळायला बहुधा वीसेक वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जावा लागतो. मादी झाडाच्या बियांवरचा पिवळसर गर जमिनीवर पडून चिरडला की त्यातील ब्युटिरिक आम्लामुळे खवट लोण्यासारखी घाण सुटते आणि मग इतकी वर्षे जोपासलेले झाड तोडण्याची भाषा सुरू होते. ज्या वंशाची पाने सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ओळखू येतात, त्याचे झाड केवळ या कारणासाठी पाडले जावे, याचे मला अतिशय वाईट वाटते. नर झाडाची फांदी वापरून केलेले कलम लावले, तर हा प्रसंग सहसा येत नाही.

झाड २० ते ३० मीटर उंच होऊ शकते, म्हणून घराच्या भिंतीपासून दूर, भरपूर उन्हाची जागा निवडावी. थंडीत पानगळ होऊन विश्रांती मिळेल असे हवामान त्याला मानवते. १९४५ साली हिरोशिमात अणुबॉम्बने होरपळलेली काही गिंकोची झाडे पुन्हा पालवली, इतके हे झाड चिवट आहे. मात्र मुळांशी तुंबलेले पाणी त्याला सोसत नाही. सुरुवातीची काही वर्षे ते जागचे हललेच नाही असे वाटते आणि लोक अधीर होऊन खत-पाण्याचा मारा करतात, तो टाळावा. कोवळ्या झाडाला उन्हाळ्यात नियमित पाणी पुरते. मधला शेंडा खुडू नये, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. कीड क्वचितच लागते. दोन-दोन फाटे फुटत गेलेल्या शिरांची पंख्यासारखी पाने शरदात सोनेरी होतात आणि पुष्कळदा दोन-चार दिवसांतच सारी गळतात. ती झाडून काढणे हेच काय ते काम.

ज्यांच्या बागेत मादी झाड आधीच आहे, त्यांनी कुऱ्हाडीचा विचार करण्यापूर्वी पडलेल्या बिया रोजच्या रोज उचलून पाहाव्यात. त्या गराने कातडीवर पुरळ उठते, त्यामुळे हातमोजे घालावेत. आणि कच्च्या बिया विषारी असल्याने मुलांना त्यांपासून दूर ठेवावे.

आपला विश्वासू,
एक वाचक