दोन मुठींचा ढग

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला विजेचा फोटो मोठा करून नीट पाहिला. शटर ३० सेकंद उघडं, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ ३.५, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ८००, लेन्स १८ मिलिमीटरवर. वीज पाण्याच्या टाकीमागे पडली आहे, पण तिला फाटा म्हणून एकही दिसत नाही. समईच्या वातीसारखा जाड पांढरा पट्टा, आणि मागचं सगळं आभाळ फटफटीत. उजव्या कोपऱ्यात लेन्सवर दोन थेंब आहेत, म्हणजे पाऊस तुझ्या अंगावर पडत होता. खाली कठड्याची कड आली आहे, म्हणजे तू होस्टेलच्या गच्चीवर होतीस. त्याबद्दल बोलणारच आहे, पण आधी फोटोचं.

तू लिहिलंयस की सेटिंग चुकलं. सेटिंग चुकलंच, पण त्याआधी जागा चुकली. जवळ गेलं की वीज चांगली मिळते असं वाटतं खरं, पण ढगाच्या पोटाखाली उभं राहिल्यावर ना ढगाचा आकार दिसतो, ना वीज कुठून निघाली ते. उरतो तो नुसता उजेड. मे महिन्यातल्या वळवाच्या ढगाचा तळ आपल्या पठारावर जमिनीपासून दोन-अडीच किलोमीटरवर असतो, माथा १२ ते १६ किलोमीटरवर. एवढा डोंगर अख्खा बघायचा तर लांबच जावं लागतं.

लांब म्हणजे किती, हे मोजायला तुझी मूठ पुरते. हात सरळ ताणून मूठ वळ आणि क्षितिजावर ठेव. ती साधारण १० अंश झाकते. ढगाचा माथा १४ किलोमीटर धरला, तर एक मूठ उंच दिसणारा ढग सुमारे ८० किलोमीटरवर आहे, दोन मुठींचा ३८ वर, तीन मुठींचा २४ वर, चार मुठींचा १७ वर. माथा १२ असेल किंवा १६, तर आकडे थोडे हलतील, पण गाडी कुठे थांबवायची ते ठरवायला एवढं पुष्कळ आहे. यात एकच मोठी चूक होते. ढग मोठा झाला की त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो आणि ती ऐरण कधी कधी थेट तुझ्या डोक्यावर येते. तिच्या कडेला मूठ लावलीस तर उत्तर साफ चुकेल. मोजायचं ते फुलकोबीसारखं उकळत वर जाणाऱ्या खांबाचं टोक. ते ऐरणीआड गेलं असेल, तर मुठीचा हिशोब सोडून द्यायचा आणि आपण जवळ आहोत असंच धरायचं.

आता कुठल्या फोटोला किती अंतर. अख्खा ढग ऐरणीसकट हवा असेल, तर ३५ ते ५० किलोमीटर. तुझ्या कॅमेऱ्यावर लेन्स ३५ ला ठेवलीस की उभ्या दिशेने २५ अंश मिळतात. दोन मुठींचा ढग त्यात बसतो, वर थोडं आभाळ आणि खाली शेताची पट्टीही राहते. १८ वर तोच ढग एवढासा होतो आणि बाकी चित्र रिकामं. याहून लांब गेलीस तर आपल्याकडची मे महिन्यातली धूळ आड येते. ढग पांढरा न दिसता मळकट दिसतो, वीज तांबूस आणि मंद.

जमिनीवर पडणारी वीज हवी असेल, तर १५ ते २५ किलोमीटर. इथे एक हिशोब नीट समजून घे. २५ किलोमीटरवर अडीच किलोमीटर उंचीचा तळ क्षितिजापासून जेमतेम साडेपाच-सहा अंश वर दिसतो, म्हणजे अर्धी मूठ. तळापासून जमिनीपर्यंतची वीज त्या अर्ध्या मुठीतच असते. आता तुझ्यापासून १०० मीटरवर १० मीटर उंचीची बाभळींची रांग असेल, तर तीही तेवढीच, पावणेसहा अंश झाकते. संपूर्ण वीज झाडांमागे गेली! रात्रभर थांबूनही ‘वीज पडतच नाही’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. तीच रांग अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर एक अंशाच्या वर काही झाकत नाही. म्हणून जागा बघताना ढगाच्या बाजूला निदान अर्धा किलोमीटर मोकळं शिवार हवं. उभा ऊस चालतो, पण तू बांधावर किंवा रस्त्याच्या भरावावर असशील तरच. १५ किलोमीटरवर तोच तळ एक मूठ वर जातो आणि सगळं सोपं होतं. लेन्स तेव्हा ३५ ते ५५ च्या मध्ये ठेव.

आणि वादळाचं तोंड, म्हणजे पावसाच्या पुढे जमिनीला समांतर धावणारा तो काळा पट्टा आणि त्याच्याखालचा धुळीचा लोट, तो ५ ते १० किलोमीटरवरूनच दिसतो. तो फोटो गाडीच्या आतून किंवा पक्क्या इमारतीच्या बंद खिडकीतून काढायचा. दुसरी जागा त्याला नाही.

अंतरानंतर बाजू. थांबल्यावर पहिलं काम हे की पावसाच्या पडद्याची एक कड एखाद्या टॉवरच्या किंवा टाकीच्या रेषेत धर आणि पाच मिनिटं बघ. कड डावीकडे किंवा उजवीकडे सरकली, तर ढग बाजूने चालला आहे. जागची हलत नाही आणि ढग मात्र मोठा होतोय, तर तो तुझ्याकडेच येतोय. फार जणांची फसगत इथे होते, कारण हलत नाही म्हणजे थांबलाय असं मनाला वाटतं. तू ढगाच्या वाटेला आडव्या बाजूला राहायचं, समोर कधी नाही.

उजेडाचं गणित त्यावर बसव. संध्याकाळी पाच ते साडेसहा ढग तुझ्या पूर्वेला आणि सूर्य पाठीशी असेल, तर सगळा खांब सोनेरी होतो. मध्ये पाऊस पडत असेल, तर इंद्रधनुष्यही तिथेच. ढग पश्चिमेला असेल तर तो काळाच येणार. तेव्हा तपशील मागू नकोस, क्षितिजाजवळची उजेडाची फट आणि समोर एखादा कळस किंवा वाकलेला लिंब घे. ढग निघून गेल्यावर ऐरणीच्या पोटाला लोंबणाऱ्या गाठोड्यांवर मावळतीचा प्रकाश पडतो. मला स्वतःला हा प्रसंग सगळ्यात सुंदर वाटतो, आणि बहुतेक लोक तोवर सामान आवरून घरी गेलेले असतात. पण त्याच वेळी गेलेल्या ढगाच्या कडेला नवा ढग उठतो का, ते बघत राहायचं. जुन्या ढगातून सुटलेला गार वारा जमिनीलगतची ओली हवा वर ढकलतो आणि शेजारी दुसरा खांब उभा राहतो. वळवात असं सर्रास होतं.

तू सुट्टीत मैत्रिणीच्या गाडीने भिगवणच्या पुढे जाणार म्हणालीस. बेत चांगला आहे, कारण टेंभुर्णीला रस्ते फुटतात: सरळ सोलापूर, एक कुर्डुवाडीमार्गे बार्शीकडे, एक खाली पंढरपूरला. ढग कुठूनही आला तरी आडवं निघून जायला वाट मिळते. जागा नेहमी अशाच फाट्याच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत निवड. आत शेतवाटेला गाडी घालू नका. काळी माती पंधरा मिनिटांच्या पावसात चाकाला लाडवासारखी चिकटते, मग गाडी ना पुढे ना मागे. गाडीचं तोंड परतीच्या दिशेला, महामार्गाच्या साईडपट्टीवर नाही, झाडाखाली नाही, विजेच्या तारांखाली नाही, आणि होर्डिंगच्या आसपास तर मुळीच नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अशाच वळवाच्या धुळीच्या वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. पावसाचा थेंबही पडायच्या आधी हा वारा येतो. ताशी ६० किलोमीटर धर. १५ किलोमीटरवरचा धुळीचा लोट पाव तासात तुझ्यापाशी. म्हणून क्षितिजावर तांबूस भिंत दिसली की आवरायला घ्यायचं, अजून एक फोटो म्हणून थांबायचं नाही.

उजनीचं पाणी समोर घ्यायचा मोह होईल. लांबच्या ढगाचं प्रतिबिंब खरंच छान पडतं, पण काठावर तूच सगळ्यात उंच असतेस. ढग दोन मुठींच्या वर गेला की काठ सोडायचा.

आता गच्ची. मुक्ता, वीज पावसाच्या हद्दीबाहेर १५ किलोमीटरवरही पडू शकते, आणि गडगडाट साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत ऐकू येतो. म्हणजे गडगडाट ऐकू आला, तर तू विजेच्या टप्प्यात आहेस. एवढा एक नियम पाळ: आवाज आला की उघड्यावरून आत. लखलखाट आणि आवाज यांतले सेकंद मोजून तीनने भागलेस की किलोमीटर मिळतात. पण ते अंतर त्या एका विजेचं, पुढची कुठे पडेल ते त्यातून कळत नाही. वारा तुझ्याकडून ढगाकडे वाहत असेल तर आवाज कमी येतो, म्हणून फोनवर ‘दामिनी’ उघडं ठेव. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ॲप आहे, तुझ्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात पडलेल्या विजा दाखवतं. हवामान खात्याचं रडारचं चित्र निघायच्या आधी जरूर बघ, पण ते हाती येईपर्यंत दहा-वीस मिनिटं जुनं झालेलं असतं. तेवढ्यात ढग पाच-दहा किलोमीटर पुढे गेलेला असतो, हे धरून चाल.

आत म्हणजे पत्र्याच्या टपाची मोटार किंवा पक्कं घर. पत्र्याची शेड, एसटीचा उघडा थांबा, एकटं झाड, गडाचा बुरूज, यांतलं काहीच आत नाही. स्कूटीवर वादळाच्या फोटोला जायचं नाही, यावर माझ्याशी वाद घालू नकोस. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीतच.

सेटिंग थोडक्यात सांगते, कारण जागा बरोबर असली की ते सोपं आहे. विजेचा उजेड क्षणाचा असतो, त्यामुळे वीज किती उजळ उमटेल ते ॲपर्चर आणि आयएसओवर ठरतं. शटर किती वेळ उघडं ठेवलं यावर आभाळ आणि जमीन ठरते. तुझं आभाळ फटफटीत झालं ते यामुळेच, ॲपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ जास्त आणि वर ३० सेकंद. रात्री १५ ते २५ किलोमीटरवर एफ ५.६, आयएसओ २००, १५ सेकंद, इथून सुरू कर. वीज जाड पांढरी आली तर एफ ८, म्हणजे भोक आणखी लहान. ढग ४० च्या पुढे असेल तर एफ ४, आयएसओ ४००. गावाच्या दिव्यांनी आभाळ पिवळं होत असेल तर सेकंद कमी कर, ॲपर्चरला हात लावू नकोस. रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढ. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर १५ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा १५ सेकंद आंधळा बसतो आणि चांगली वीज नेमकी त्यात जाते. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, तीही बंद. फोकस हाताने, लांबच्या दिव्यावर स्क्रीन मोठी करून, आणि मग रिंगवर चिकटपट्टी. झूम बदललास की फोकस पुन्हा तपास, कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सचा तो हलतो.

ट्रायपॉडचे पाय फाकवून खाली ठेव, मधला दांडा वर काढू नकोस. वजनाला पिशवी टांगशील तर ती जमिनीला टेकू दे, लोंबती राहिली तर वाऱ्याने झोके घेऊन ट्रायपॉडच हलवते. कॅमेऱ्याचा इंटरव्हल टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारी सोय, लावून दे आणि तू गाडीत बस. वायरचा रिमोट हातात धरून ट्रायपॉडशी जोडलेली राहू नकोस.

ढग १५ च्या आत आला की कॅमेरा आत, काचा बंद, इंजिन बंद, आतला दिवा बंद, आणि लेन्स काचेला जवळजवळ टेकवून, म्हणजे काचेत तुमचीच तोंडं दिसणार नाहीत. त्यासाठी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून बाबांबरोबर पाठवते आहे, डॅशबोर्डवर ठेवायला. रिकामीच आहे. तिकडे तांदूळ भर, दीड किलो लागेल, पण पिशवीचा पाऊण भागच भर. गच्च भरलीस तर कॅमेरा तिच्यात रुतत नाही, घरंगळतो. तोंडाला आतून वेल्क्रो लावलंय, ते पुरतं दाबून बंद कर.

तुझी,
आई